ट्रंक तयार

बर्फातल्या पोस्टवर आमचं सिग्नलचं काम. खालच्या बंकरमध्ये मी, हवालदार, म्हसवडचा. वर, चढाच्या टोकाला नायक दत्ता, सांगलीकडचा. दोघांकडे एकेक नेटवर्क स्विच आणि मध्ये एकच केबल. ती तुटली की वरची पोस्ट मुकी. वायरलेस सेट होता, पण वाऱ्यात त्याची नुसती खरखर. म्हणून दुसरी केबल टाकली. दोन केबल मिळून एकच वाट करायची, म्हणजे एक तुटली तरी दुसरी चालते. याला ट्रंक म्हणतात. आधी दोन्ही टोकांना सेटिंग, मगच दुसरी केबल जोडायची. उलटं केलं तर तोच तो निरोप गरगर फिरत राहतो आणि सगळं ठप्प होतं.

माझं सेटिंग करून मी सेटवर सांगितलं, "दत्ता, ट्रंक तयार कर. झाली की कळव. ओव्हर."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "ट्रंक तयार हाय! ओव्हर."

मी केबल जोडली. सगळं ठप्प. गस्त बाहेर, साहेब माझ्या डोक्यावर. केबल उपटून मी सेटवर विचारलं,

"काय केलंस रं?"

"कुलूपबी लावलंय की!"

सेटिंगला कुलूप? धापा टाकत वर गेलो. दत्ता दाढीबिढी करून आपल्या काळ्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसलेला. घरी मुलगी झाली होती, बारशासाठी त्याने रजा मागितली होती. गड्याला वाटलं, मंजूर झाली.

मी कपाळावर हात मारला. तेव्हा दिलेल्या शिव्या इथे लिहीत नाही.

"आवं, तुमीच म्हनला न्हवं, ट्रंक तयार कर?"

"स्विचमधली, गड्या!"

त्याचं तोंड एवढंसं झालं. त्याने सेटिंग केलं, दोन्ही केबल चालू झाल्या. ट्रंक मात्र त्याने उघडली नाही. "असू द्या भरलेली. आज न्हाई तर उद्या रजा येईलच की."

रजेच्या आधी हिमकडा कोसळला. एक केबल तुटली. दुसरीवरून निरोप व्यवस्थित जात होते, तरी हा पठ्ठ्या जोडायला निघाला.

मी सेटवर ओरडलो, "थांब! एक पुरते. म्हणून तर ट्रंक केली ना? ओव्हर."

"आन ही बी तुटली तर? आलोच. आउट."

वरून दुसरा कडा कोसळला. दत्ता गेल्याची खबर मला त्या शाबूत केबलवरूनच आली.

अजून चिडतो मी त्याच्यावर. एक तुटली तरी चालतं, एवढंच शिकवायला तो चढ चढलो होतो. त्याचं म्हणणंही चुकीचं नव्हतं, म्हणून तर जास्त चिडतो.

त्याचं सामान घरी पोचवायचं काम माझ्याकडे आलं. भरायचं काही नव्हतंच. सांगलीत त्याच्या दारात ट्रंक उतरवली. मुलीला कडेवर घेऊन वहिनी कुलपाकडे बघत राहिल्या.

"रजेसाठी भरली व्हती व्हय?"

"व्हय, वहिनी."