ड्रम सँडरचा अभ्यास

माझे भावोजी सुतार आहेत आणि चांगले सुतार आहेत, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, मेहुणीच ती, बोलणारच. त्यांनी बसवलेलं दार वर्षानुवर्षं कुरकुरत नाही. त्या घरात कुरकुर करायचा हक्क खरं तर आमच्या ताईचा, पण तिला तेवढी फुरसत कधी मिळालीच नाही.

घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा कारखाना. कापणं, रंधणं, जोडणं भावोजींचं आणि घासणं ताईचं. हे कोणी ठरवलं, कोणालाच आठवत नाही. लग्न नवं असताना ती एकदा "द्या इकडे, मी हात लावते" म्हणाली असेल. तो हात लावला तो लावलाच. पॉलिश पेपर ठोकळ्याला गुंडाळायचा आणि फळी घासत बसायचं. आधी जाड पेपर, मग मधला, मग बारीक. भावोजी जाता-येता फळीवरून बोट फिरवणार आणि म्हणणार, "इथे जरा राहिलंय बघ."

एकदा ताईने दुसऱ्या एका कारखान्यात ड्रम सँडर चालताना पाहिला. आडवा रूळ, त्याला पॉलिश पेपर गुंडाळलेला, खाली सरकता पट्टा. इकडून खडबडीत फळी आत सोडायची, तिकडून गुळगुळीत होऊन बाहेर येते. ताई घरी येऊन म्हणाली, "अहो, आपणही घेऊया ना."

"घेऊ की," भावोजी म्हणाले. "पण अभ्यास करून घेऊ."

झालं. तो अभ्यास दोन वर्षं चालला. एवढ्यात माणूस एम.ए. होऊन कॉलेजात शिकवायला लागला असता.

मशीन एका बाजूने उघडं घ्यावं की दोन्ही बाजूंनी बंद, इथे पहिलं घोडं अडलं. उघड्या मशीनमध्ये रुंद फळी निम्मी-निम्मी करून घासता येते, पण उघड्या बाजूला रूळ म्हणे केसभर झुकतो. बंद मशीनचा रूळ झुकत नाही, पण रुंद फळी आत जात नाही. शेवटी उघडंच घ्यायचं ठरलं, तर उघडी बाजू कोणती असावी हा प्रश्न निघाला. भावोजी डावखुरे. त्यांना ती डावीकडेच हवी, आणि तसं मशीन तर कोणी बनवतच नाही. मग मोटर केवढी, भुसा ओढणारा पंखा कसला, खोलीतल्या विजेवर चालेल की तीन फेज लागतील. संध्याकाळी मोबाइलवर कुठल्याशा देशातला एक दाढीवाला फळ्या घासून दाखवायचा. त्याची भाषा भावोजींना कळत नव्हती, तरी ते मान डोलवायचे. आणि त्यांच्या पाठीमागे ताई फळी घासत असायची. तिकडे त्यांची मान कधी वळली नाही.

मशीनवाला दुकानदार बिचारा सुरुवातीला चहा मागवायचा. पुढे पुढे भावोजी रस्त्याच्या टोकाला दिसले की तो माल मोजायच्या निमित्ताने आत पळायचा.

मग ताईचा उजवा खांदा गेला. हात वर जाईना. स्वतःचे केस विंचरता येईनात, झोपेत कूस बदलली की कळ निघायची. मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. भावोजीही आले होते, बाकावर बसून मोबाइल बघत होते. बाईंनी स्पष्ट सांगितलं, "घासणं बंद करा. नाहीतर हा हात पुन्हा वर जायचा नाही."

घरी आल्यावर मी विचारलं, "भावोजी, आता तरी घेणार ना?"

"म्हणून तर घाई करत नाही," ते म्हणाले. "चुकीचं मशीन आलं तर त्रास हिलाच होणार."

घ्या. म्हणजे उशीरसुद्धा हिच्याच भल्यासाठी. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "ताईला बघायला आला होतात, तर हो म्हणायला तुम्ही पुढ्यातला चहा निवायची वाट बघितली नव्हती. तेव्हा कुठे गेला होता अभ्यास?"

"तसं नसतं गं," भावोजी मला समजावत म्हणाले, "मशीन माणूस आयुष्यात एकदाच घेतो."

ताई हसली. मला नाही हसू आलं. मी तिची बॅग भरली आणि तिला माझ्या घरी घेऊन आले. निघताना भावोजी दारात उभे. दातांच्या डॉक्टरांच्या कपाटाची दारं घासायची होती, ती भिंतीला टेकवलेली. "जा, जा, आराम कर," ते म्हणाले. "घासायला काय लागतंय? मी बघतो."

पुढचं मला ताईच्या घरासमोरच्या शिंपीणबाईंनी फोनवर सांगितलं. त्यांची शिलाई खिडकीशीच चालते, त्यामुळे काही सुटत नाही. पहिल्या दिवशी भावोजी शीळ घालत बसले. डाव्या हाताने एक दार अर्धं घासलं. मग शीळ थांबली. मग ते उभं राहून घासायला लागले, मग गुडघ्यावर, मग उजव्या हाताने करून बघितलं, ते जमेना. दुपारी खांद्यावर गरम पाण्याची पिशवी घेऊन उंबऱ्यात बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना सदऱ्याची बाही चढवता येईना. तशीच अर्धी बाही लोंबत ठेवून ते दुकानात गेले. तिथलं दुकानदारानेच नंतर सांगितलं. यांना बघताच तो आत पळायला लागला.

"अहो, थांबा. घ्यायला आलोय," भावोजी म्हणाले.

"कोणतं?"

"आत्ता टेम्पोत चढेल ते."

आलं ते दोन्ही बाजूंनी बंद. दोन वर्षं ज्याला नावं ठेवली, तेच. ज्याचं दुखतं त्यालाच कळतं म्हणतात. भावोजींना ते अर्ध्या दारात कळलं.

ताईला परत सोडायला मी गेले, तेव्हा मशीन खोलीच्या मध्यावर उभं होतं आणि बघायला गल्ली जमली होती. शिंपीणबाई होत्या, दुकानदारही होता. भावोजींनी ताईला हाताला धरून पुढे आणलं. आवाज जड झाला होता, आणि खोटा नव्हता, तेही सांगते. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं.

"तुझ्यासाठी घेतलं," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "हिचा खांदा बघवत नव्हता मला."

शिंपीणबाईंनी डोळे टिपले. ताईने मशीनवरून हात फिरवला. मग तिने विचारलं, अगदी साध्या आवाजात, "कोणता खांदा हो?"

भावोजींनी क्षणभरही विचार केला नाही.

"डावा."

"तो तुमचा," ताई म्हणाली.