कुड्याची पाटी

निवृत्तीनंतर यवतमाळजवळच्या वनस्पती उद्यानात शाळांच्या सहलींना झाडे दाखवण्याचे काम मी पत्करले. आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवले होते. पाट्याही मीच लिहिल्या. रोपवाटिकेतून रोपे यादीसह आली, तेव्हा ती गुडघ्याएवढी होती. यादीत जे नाव होते, तेच पाटीवर गेले. उद्यानातला माझा नियम एकच होता. काही तोडायचे नाही आणि काही तोंडात घालायचे नाही.

गेल्या हिवाळ्यात आर्णीकडची एक शाळा आली. पाटीपाशी उभा राहून मी सांगू लागलो, “हा पांढरा कुडा. याच्या बिया म्हणजे इंद्रजव. अतिशय कडू. पोटाच्या विकारावर देतात.”

मुले वहीत उतरवत होती. एक मुलगी लिहीत नव्हती, वर पाहत होती.

“लिहून घे ना वं,” तिचे गुरुजी म्हणाले.

“कायले लिहू, गुरुजी? हा तो नोहे.”

“सरांची हयात गेली झाडात. तुले जास्त समजते काय?”

“वैदीणबाई आली,” मागून कोणी तरी म्हणाले. सगळे हसले. मुलीची मान खाली गेली.

मी गप्प राहिलो असतो तर ती सर्वांदेखत खोटी ठरली असती आणि माझे काहीच बिघडले नसते. हे मला स्पष्ट दिसत होते. पण तिने वर काय पाहिले, हे कळल्याशिवाय पुढे जाणे मला जमेना.

“कशावरून म्हणतेस?” मी विचारले.

“शेंगा पाहा ना, सर. कडूच्या दोन शेंगा अलग अलग लोंबते. याच्या टोकाले चिकटून हायेत. हा गोडा. आमच्या तांड्यावर याडी दोन्ही आणते.” मग थांबून म्हणाली, “याडी म्हंजे माय.”

मी वर पाहिले. शेंगांच्या जोड्या लोंबत होत्या आणि प्रत्येक जोडीची टोके जुळलेली होती. हा भेद मी कित्येक वर्षे फळ्यावर काढून शिकवला होता. झाडाला शेंगा त्याच वर्षी प्रथम धरल्या, आणि मी मुलांकडे तोंड, झाडाकडे पाठ करून उभा राहत असे.

“चाखून पाहा,” ती म्हणाली.

मी शेंग तोडली. बी चावली. कडू नव्हती.

“हिचे बरोबर आहे,” मी म्हणालो. “पाटी चुकली. वहीत खोडा.”

गुरुजींनी स्वतःच्या वहीतही खोडले. “दाखव वं पुढचं झाड,” ते तिला म्हणाले. ती पुढे झाली.

आधी येऊन गेलेल्या शाळांना मी पत्रे पाठवली. एकीचेच उत्तर आले. मुलांच्या अक्षरात एकच ओळ होती: बाकीच्या पाट्या कोणी तपासल्या?

कोणीच नाही. तेव्हापासून रोज सकाळी पाटीवर गोणपाट टाकतो आणि झाडापासून सुरुवात करतो. खोड, पान, फळ, मग नाव. धावडा झाला, बेहडा झाला. एक शिरीष मात्र ठरत नाही. त्याची पाटी काढून ठेवली आहे. हा प्रश्न विचारणाऱ्या शाळेला कळवले: तपासणी चालू आहे, शिरीष अनिश्चित, फुलांच्या दिवसांत या, मिळून पाहू.