डेन्झिल पेंगेलीची खडीसाखर

आमच्या रेडरूथमध्ये डेन्झिल पेंगेलीला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. रेडरूथ ते सेंट आइव्हज ही बस तो चालवायचा, अजूनही चालवतो. बसमध्ये चढणाऱ्या बाप्याला 'राजा' आणि बाईला 'राणी' म्हणायची आमच्या कॉर्नवॉलची जुनी रीत आहे, आणि ती डेन्झिलइतकी मनापासून कोणीच पाळत नाही. ऐंशी वर्षांच्या म्हातारीलाही तो म्हणणार, "बस राणी, घाई नाही, डोंगर कुठे पळून जात नाहीये." त्याच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत आहे, म्हणून पुढचं सगळं मी जवळून पाहिलं, आणि बरंचसं नाकाने हुंगलं.

त्याची मुलगी केरेन्सा आठ वर्षांची असताना तिने शाळेत बोलणं सोडलं. घरात आई-बापाजवळ तोंड एक क्षण बंद नसायचं, पण उंबरठा ओलांडला किंवा बाहेरचं कोणी समोर आलं की ओठ शिवल्यासारखे. बाईंनी गोडीने विचारून पाहिलं, डॉक्टरांनी घाई करू नका म्हटलं. पोरीचं पोट मात्र रोज सकाळी दुखायला लागलं आणि शनिवार-रविवारी आपोआप थांबायला लागलं. शेवटी डेन्झिल आणि त्याची बायको लोवेना यांनी तिला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायचं ठरवलं.

लोवेना दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. गणित आणि वाचन संध्याकाळी ती घेणार होती. डेन्झिलची दुपारची पाळी, त्यामुळे सकाळ त्याच्या वाट्याला आली, आणि सकाळबरोबर विज्ञान. खरं तर रसायनशास्त्र म्हटलं की त्याला एकच गोष्ट आठवायची: पडदा जाळल्याबद्दल वर्गाबाहेर काढलं होतं ती. वाचनालयातून मुलांच्या प्रयोगांची पुस्तकं आणून तो बस सुटायच्या आधी स्टँडवर वाचत बसायचा. पोरीच्या एक पान पुढे असलं की झालं, असा त्याचा हिशोब.

सुरुवात जांभळ्या कोबीपासून झाली. कोबी उकळून त्याचं पाणी काढायचं. त्यात लिंबू पिळलं की ते गुलाबी होतं, खायचा सोडा टाकला की निळं, आणखी टाकला की हिरवट. केरेन्साने त्या पाण्यात घरातलं जे जे ओतता येईल ते ओतून पाहिलं. साबण, टूथपेस्ट, दूध, बापाचा थंड झालेला चहा. मग ती भिंतीवर तीनदा टकटक करायची. ती माझ्यासाठी खूण होती. मी मागच्या दाराने जायचे आणि केरेन्सा काचेचे पेले माझ्यापुढे सरकवायची. माझ्याशी बोलायची नाही, पण माझा चेहरा निरखून बघायची. मी "अगं बाई" म्हटलं की खूश.

या सगळ्यावर एकच माणूस नाराज होतं: लोवेनाची आई, हेस्टर. त्यांचं म्हणणं, मुलीला घरात बसवून बापाने घराचा बाजार मांडलाय. दर रविवारी जेवायला यायच्या आणि आल्या आल्या स्वयंपाकघराचा वास घ्यायच्या. एका रविवारी भाजलेल्या मांसाबरोबर जांभळा कोबी शिजत होता. डेन्झिलची पाठ वळताच केरेन्साने पातेल्यात चमचाभर सोडा टाकला. ताट पुढे आलं तेव्हा हेस्टरबाईंच्या पानात निळाहिरवा चिखल होता.

त्यांनी काटा खाली ठेवला. "जावईबापू, हे खायचंय की भिंतीला लावायचंय?"

लोवेना पाणी प्यायच्या निमित्ताने उठून गेली. डेन्झिल माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात केरेन्साने व्हिनेगरची बाटली आजीपुढे ठेवली आणि ओतायची खूण केली. हेस्टरबाईंनी ओतलं. कोबी फसफसला आणि बघता बघता गुलाबी झाला. मग हेस्टरबाईंनी विचारलं, सोडा कुठे ठेवलाय. मांस गार होईपर्यंत त्या कोबीचा रंग बदलत बसल्या होत्या. खाल्ला मात्र कोणीच नाही.

त्यानंतर त्यांचं बोलणं बदललं असं नाही, पण रविवारी येताना पिशवीत काहीतरी असायचं. कधी काळं पडलेलं तांब्याचं भांडं, मीठ-व्हिनेगरने घासून बघायला. कधी अंडी, व्हिनेगरमध्ये बुडवून कवच विरघळवायला. बिनकवचाचं अंडं डेन्झिलने एकदा कौतुकाने हातावर झेलून दाखवलं, आणि दुसऱ्यांदा त्याच्या बस कंपनीच्या स्वच्छ शर्टावर फोडलं. त्या दुपारी वासापायी सेंट आइव्हजपर्यंत कोणी पुढच्या बाकावर बसलं नाही.

वर्षभराने कौन्सिलमधून फोन आला. घरी शिकणाऱ्या मुलांचं काम पाहणाऱ्या मिसेस ऑर्चर्ड भेटायला येऊ इच्छित होत्या. नाही म्हणायचा हक्क होता. पण लोवेना म्हणाली, आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय, येऊ देत. डेन्झिल हो म्हणाला आणि त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. पोरगी परक्या बाईसमोर अवाक्षर काढणार नाही, हे त्याला माहीत होतं. मग निदान ओट्यावर तरी असं काही मांडावं, की बाईंचे डोळे दिपावेत.

त्याने निवडली खडीसाखर. गरम पाण्यात मावेल तेवढी साखर विरघळवायची, बरणीत ओतायची, काडीला दोरा बांधून आत सोडायचा आणि वाट बघायची. हळूहळू दोऱ्यावर हिऱ्यासारखे खडे वाढतात. केरेन्साने सगळं नीट केलं. बरणी खिडकीत ठेवली, वर कागद झाकला. पण डेन्झिलच्याने राहवेना. कामावर जाताना एकदा, आल्यावर एकदा, तो दोरा वर उचलून बघायचा. केरेन्सा ओरडायची, तो "फक्त एकदाच गं" म्हणायचा. भेटीच्या आदल्या दिवशी बरणीच्या तळाशी साखरेचा दगड बसला होता, वर साय धरली होती, आणि दोरा मात्र ओल्या शेपटीसारखा लोंबत होता.

त्या दुपारी सेंट आइव्हजच्या थांब्यावर बस उभी असताना डेन्झिल बंदरावरच्या गोळ्या-चॉकलेटच्या दुकानात गेला आणि काडीवर वाढवलेली सुरेख खडीसाखर घेऊन आला. भेटीच्या सकाळी केरेन्सा केस विंचरत असताना त्याने नव्या बरणीत पाक ओतून ती आत टांगली आणि जुनी बरणी सिंकखालच्या कपाटात सरकवली, पण कपाटाचं दार नीट लागलं नाही.

लोवेना कामावर गेली होती. मला त्याने धीर द्यायला बोलावून ठेवलं होतं, म्हणून मी तिथेच होते. मिसेस ऑर्चर्ड आल्या, उंच, शांत बाई. त्यांनी बूट दाराशी काढले. डेन्झिल गडबडीत म्हणाला, "या राणी, बसा." मग कानापर्यंत लाल झाला. त्या हसल्या, चहा घेतला, आमच्याकडचा केशराचा गोड पाव खाल्ला. केरेन्सा बापाच्या खुर्चीमागे उभी होती, हात मागे, ओठ मिटलेले.

बाईंनी तिला प्रश्न विचारून भंडावलं नाही. वह्या पाहिल्या, कोबीचे रंग लावलेला तक्ता पाहिला. मग त्यांची नजर खिडकीत गेली. त्या उठून जवळ गेल्या.

"काय सुंदर वाढलीय," त्या म्हणाल्या. "किती दिवस लागले?"

डेन्झिलने घसा खाकरला. "साधारण... म्हणजे तशी हळूहळूच..."

"ती दुकानातली आहे."

आवाज बारीक होता, पण खणखणीत. आम्ही सगळे वळलो. केरेन्सा खुर्चीमागून बाहेर आली होती. तिच्या गालांवर रागाचे दोन लाल ठिपके होते.

"आमची झालीच नाही," ती म्हणाली. "थांबा, दाखवते."

ती गुडघ्यांवर बसली, सिंकखालून जुनी बरणी ओढून काढली आणि मिसेस ऑर्चर्डच्या हातात दिली. चिकट, गढूळ, तळाशी दगड.

"हे असं का झालं?" बाईंनी विचारलं.

"बाबा रोज उचलून बघतो. साखरेला स्वस्थ बसूच देत नाही. हलवलं की ती दोऱ्यावर न बसता भलतीकडेच बसते."

डेन्झिलने डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. चोरी पकडली गेल्याने नव्हे, असं त्याने मला नंतर सांगितलं. परक्या माणसापुढे आपल्या मुलीचा आवाज ऐकून त्याला रडू यायला लागलं होतं आणि कुठे बघावं कळत नव्हतं.

मिसेस ऑर्चर्ड खाली जमिनीवर बसल्या. पुढचा अर्धा तास त्या दोघी त्या फसलेल्या बरणीवर बोलत होत्या. पुन्हा करायचं तर काय बदलशील? केरेन्सा म्हणाली, बरणी आजीकडे ठेवीन. बाईंनी विचारलं, का? "कारण आजीच्या वस्तूंना कोणी हात लावायला गेलं की ती हातावर मारते."

जाताना बाई दारात डेन्झिलला म्हणाल्या, "तुमची मुलगी छान शिकतेय. तिला खोटं चालत नाही. याहून जास्त विज्ञान या वयात काय हवं?" डेन्झिलने मान हलवली.

दार लागल्यावर तो केरेन्सासमोर उकिडवा बसला आणि चुकलो म्हणाला. तिने दुकानातली खडीसाखर बरणीतून काढून मोडून वाटली. मलाही मिळाली.

लगेच सगळं पालटलं असं मात्र झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात तिने पुन्हा ओठ मिटले. पण मिसेस ऑर्चर्डनी घरीच शिकणाऱ्या आणखी दोन कुटुंबांना पेंगेलींचा पत्ता दिला, आणि गुरुवारी सकाळी त्या स्वयंपाकघरात चार-पाच मुलं जमायला लागली. बाटलीच्या तोंडावर लावलेले फुगे फुगवायचे तर आत यीस्ट आणि साखर हवी, आणि कोणीतरी सूचना द्यायलाच हव्यात. डेन्झिल सूचना नेहमी चुकीच्या क्रमाने द्यायचा. मुद्दाम द्यायचा की नाही, हे मी कधी विचारलं नाही. "तसं नाही रे बाबा, आधी कोमट पाणी," असं केरेन्साला पंधरा-वीस वेळा म्हणावं लागायचं, आणि ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणावं लागायचं. वर्षाच्या शेवटी ती त्या मुलांवर बसच्या तिकीट तपासनिसासारखी ओरडायची.

तेराव्या वर्षी ती स्वतःहून म्हणाली, मला शाळेत जायचंय, तिथे खरी प्रयोगशाळा आहे. आता ती ट्रूरोला केस कापायचं आणि रंगवायचं शिकतेय. परवा हेस्टरबाईंचे पांढरे केस तिने आमच्यासमोर फिकट जांभळे केले. बाई आरशात बराच वेळ बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, रविवारी चर्चला जाताना टोपी घालायची नाही.