वानखडे सरांची जळजळ आणि चार विटा

आमच्या चिखलीच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये दोन गोष्टी साचत जातात: तपासायचे पेपर आणि वानखडे सरांचे किस्से. पेपर निदान निकालाआधी संपतात!

सर विज्ञान शिकवतात. गेल्या वर्षी त्यांच्या छातीत जळजळ सुरू झाली आणि स्टाफरूममधला प्रत्येक जण डॉक्टर झाला. एक म्हणाला थंड दूध, दुसरा म्हणाला ओवा, तिसऱ्याने थेट सोडाच आणला. सरांनी एकाच मधल्या सुट्टीत तिन्ही घेतली.

"सर, कशानं फरक पडला?" मी विचारलं.

"कशानं वाढलं ते इचार बे!"

*

खरी भीती वेगळीच होती. सरांचे वडील याच वयात, छातीत जळतंय म्हणता म्हणता गेले. हे सरांनी फक्त मला सांगितलं होतं. मग मी त्यांना बळेच डॉक्टरकडे नेलं. ईसीजी झाला, बाकीच्या तपासण्या झाल्या. सगळं नॉर्मल!

"हृदय ठणठणीत आहे. ही ॲसिडिटी," डॉक्टर म्हणाले.

सर बाहेर आले ते आणखीच गोंधळून.

"मले काही समजून नाही राह्यलं. हार्ट चांगलं आहे, मंग जळून काय राह्यलं?"

*

डॉक्टरांनी ठेचा बंद केला. दुसऱ्या दिवशी सरांच्या डब्यात साधं वरण आणि भाकर. भाकर त्यांनी माझ्या डब्यातल्या ठेच्याशी खाल्ली.

"सर, ठेचा बंद ना?"

"बंदच आहे. पाह्य ना माहा डबा!"

*

पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "गोळी सकाळी उपाशीपोटी घेता ना?"

"एकदम उपाशीपोटी! चहा अन् चार टोस्ट, बस."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाले, "जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. आणि विटा लावून पलंग डोक्याच्या बाजूनं उंच करा. उतार असला की ॲसिड वर चढत नाही."

"हे तर मी पोराईले शिकवतो!" सर खूश झाले.

*

महिन्याभरानं एक दिवस सर शाळेत आले नाहीत. मी घाबरून घरी गेलो. सर पलंगावर बसलेले, चेहरा उतरलेला.

"ठेचा सोडला, टोस्ट सोडले, विटाही लावल्या," वहिनी रडवेल्या होऊन म्हणाल्या. "तरी हे निजले का छाती पह्यल्यापेक्षा जास्त जळते."

सरांनी माझा हात धरला. "बाबाचंही असंच झालं होतं. डॉक्टरले समजलं नाही वाटते. माह्या दहावीच्या पोराईले तू सांभाळजो."

त्यांची नजर चुकवून मी पलंगाकडे पाहिलं. डोक्याकडच्या फळीच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा, अगदी लेव्हलमध्ये बसवलेल्या. उशी मात्र दुसऱ्या टोकाला, उताराच्या तळाशी.

"सर, उशी तिकडं काऊन?"

ढ पोराकडे पाहावं तसं सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"फळी उत्तरेकडे आहे ना. उत्तरेकडे डोकं करून झोपते का बे कोणी?"