सुतकाच्या घरातलं रडणं

रविवार, शिरूर. आई जाऊन आठवडा झाला. आज वरवंडहून मावसबहीण भेटायला आली आणि गळ्यात पडून खूप रडली. सुतकाच्या घरात रडण्याचं कारण कोणी विचारत नाही.

बाकीच्या बायका गेल्यावर ती म्हणाली, "ताई, मी मावशीसाठी न्हाई रडले. दिरानं जबरदस्ती केली माझ्यावर. घरी रडले तर इचारतील. तुला खरं वाटतंय ना?"

"वाटतंय. तुझी काही चूक नाही. पुढं काय करायचं ते तू ठरव, मी बरोबर आहे."

"आज फकस्त झोपू दे."

तिला विचारूनच, नाव न देता, गावं बदलून लिहिते आहे. तुमच्याकडे अशी कोणी आली, तर तुम्ही पहिलं काय बोलाल?

ती आईच्या गोधडीत झोपली आहे. मी उठून दाराला आतून कडी लावली.