बांध कोणी बुजवला?

धुळ्याच्या ठाण्यात माझ्या टेबलावर ठेवलेला तो पाण्याचा तांब्या अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

स्वातंत्र्यापूर्वीची गोष्ट. मी नुकताच फौजदार झालो होतो. पांझरा नदीच्या खालच्या अंगाच्या गावातून एक म्हातारी अक्का भर उन्हात चालत आली आणि म्हणाली, “साहेब, हाई पानी पी दखाडा. आम्हना गावना बठ्ठा लोके हाईच पेतस.”

अख्खे गाव पिते ते पाणी म्हणून मी तांब्या तोंडाजवळ नेला आणि खाली ठेवला. त्याला गटाराचा वास येत होता. उन्हाळ्यात ती गावे नदीच्या वाळूत झिरे खणून पाणी भरत. अक्काची दोन नातवंडे जुलाबाने निजली होती. पटकीची साथ सुरू झाली की ती कुणाच्या हद्दीत थांबत नाही, हे पोलिसालाही कळते.

वास्तविक नगरपालिकेने नुकतेच एक चांगले काम केले होते. शहराचे सांडपाणी नदीत न सोडता, बांध घातलेल्या तळ्यात निवळू द्यायचे आणि मग शेतांना द्यायचे. उद्घाटनाला कलेक्टरसाहेब येणार म्हणून कमान उभी राहिली होती. तळ्यापेक्षा कमानीवर देखरेख जास्त होती.

मी पालिकेत विचारणा केली. उपाध्यक्षांचा निरोप आला, की नदी नासवतो तो काठावरचा रंगारी. त्याची भट्टी उठवा. हवालदाराने त्या वृद्ध मुसलमान कारागिराला आणून बाकावर बसवले.

“चाचा, रंगाचे पाणी नदीत सोडता?”

“सोडतो साहेब. लाल सोडतो, निळं सोडतो. या तांब्यात कोणता दिसतो, सांगा.”

“फिका पडला असेल,” हवालदार म्हणाला.

“माझा रंग फिका पडत नाही, हवालदारसाहेब. तुमच्या लेकीच्या लग्नातला फेटा मीच रंगवलाय.”

मी चाचांना चहा देऊन बसवून ठेवले आणि तळ्यावर गेलो.

बांध धड दिसत होता, पण तळे जवळजवळ रिकामे होते आणि आतल्या बाजूला छातीभर उंचीवर ओली रेघ होती. नदीच्या अंगाला बांधावर हातभर ताजा चिखल दिसला. गवताचा थर, चिखलाचा थर, वरून टाचेने दाबलेला. असे काम मी पिंपळनेरकडे नोकरीला असताना पाहिले होते. तिकडे फडाचे, म्हणजे एका बंधाऱ्यावरच्या सामाईक शेतांचे, पाणी पाळीपाळीने देतात. पाळी संपली की पाटकरी पाटाचे तोंड बुजवतो. उघडे टाकणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा नसते. खोडसाळ माणूस बांध फोडून पळाला असता. इथे फोडणाऱ्याने तो नीट बुजवला होता.

तळ्याचा राखणदार तिकडचाच जुना पाटकरी होता. बांध कोणी फोडला, असे विचारले असते तर त्याने आकाशाकडे पाहिले असते. मी म्हणालो, “नाना, हे तोंड फार सुरेख बुजवलंय. कोणाचा हात?”

“मन्हाच, साहेब. येक थेंब बी झिरपस का, दखा.”

बोलून गेल्यावर आपण काय कबूल केले ते नानाच्या ध्यानात आले. मग खाली बसून त्याने सगळे सांगितले. कलेक्टरसाहेबांना वास येऊ नये म्हणून तळे उपसून ठेवा, असे उपाध्यक्षांनी बजावले होते. म्हणून तो रात्री बांध फोडून पाणी नदीत सोडी आणि पहाटे पुन्हा बुजवी. नदी घाणीपासून वाचवणाऱ्या तळ्याच्या समारंभासाठी घाण नदीत जात होती.

मी अहवाल वर पाठवला. खटला झाला नाही. मोठ्या माणसांना समज दिल्याने भागते. चाचांची भट्टी राहिली. नानाची नोकरीही राहिली, कारण तसा बांध राखणारा दुसरा मिळेना. उद्घाटन भरल्या तळ्याकाठी झाले. साहेबांनी नाकाला रुमाल लावून केले तेवढे आटोपशीर भाषण मी पुन्हा ऐकले नाही.

माणसाला त्याचा गुन्हा विचारण्याआधी त्याचे चांगले काम विचारावे, हे मला नानाने शिकवले. पुढच्या नोकरीत ते दंडुक्यापेक्षा जास्त उपयोगी पडले. पण खरे ऋण अक्काचे. ती तक्रार करून थांबली नाही, पाणी घेऊन आली.

माझ्या बदलीच्या वेळी ती पुन्हा ठाण्यात आली, नातवंडांना घेऊन. तोच तांब्या टेबलावर ठेवला. मी तो उचलला आणि तळ दिसेपर्यंत प्यायलो.