चिखल कोणाच्या पाठीवर?

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी डोळ्यांसमोर एक नुकतीच रंगवलेली भिंत येते. बोईसरच्या बाजूच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. वरिष्ठांची तपासणी तोंडावर आली होती. तपासणी म्हटली की ठाण्यात लगीनघाई. मुद्देमालाच्या खोलीची झाडलोट, जुन्या फायली नव्या दोऱ्यांत आणि भिंतींना चुना. भिंतीला कोणी टेकायचं नाही, असा हुकूम मी स्वतः काढला होता.

सकाळी खबऱ्याचा फोन आला. जव्हारच्या वाटेवर त्याची चहाची टपरी. पूर्वी माझी तिकडे बदली होती तेव्हापासूनची ओळख.

"साहेब, वरच्या पठारावर एक मोटारसायकल मघापासून तेवढ्याच रस्त्यात येते नि जाते. बाई नि बाप्या हायत, एवडंच लांबनं दिसतं. मागं पोतं बांधलंय. कोनची बी गाडी आली का दोघं थांबतात नि डोंगर बघल्यासारखं करतात."

त्या दिवसांत सीमेपलीकडून स्वस्त दारू दुचाकीवरून आणायचे प्रकार वाढले होते. बरोबर बाई असली की पोलीस सहसा अडवत नाहीत, हे त्या धंद्यातल्या लोकांना पक्कं ठाऊक. कोणाची तरी वाट बघत हे दोघे फेऱ्या मारत असणार, असा माझा अंदाज. टपरीवरून वर जाताना खबऱ्याने टिपलेला गाडीचा नंबर घेतला आणि चिल्हार फाट्याकडून येणाऱ्या रस्त्यावर नाकाबंदी लावली.

दुपार कलल्यावर गाडी आली. हवालदाराने हात दाखवताच चालवणारा इतका गडबडला की गाडी आचका देऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. 'चोराच्या मनात चांदणं' म्हणत हवालदाराने दोघांना गाडीसकट ठाण्यात आणलं.

समोर आलं ते पन्नाशी ओलांडलेलं कोळी जोडपं. बाईचं लुगडं काष्ट्याचं, डोक्यात रानफुलाचा गजरा, नवऱ्याच्या खिशात भाजलेल्या मक्याचं अर्धं कणीस. पंचांसमक्ष पोतं सोडलं. बाटल्यांऐवजी निघाल्या काकड्या आणि बांबूचे कोवळे कोंब.

"वरच्या पाड्यातल्या बाईला सुके बोंबील दिले, तिनं हे दिलं," बाई म्हणाली. "तुमी खाता का बोंबील? पुडच्या वेळी तुमाला पन आनीन."

पुढच्या वेळी! पोलीस ठाण्यात पुढच्या वेळेचं आमंत्रण देणारी पहिलीच संशयित मी पाहत होतो. मात्र पोत्यात काही नाही म्हणून सोडून द्यावं, तर फेऱ्यांचं कोडं तसंच राहत होतं. रिवाजाप्रमाणे दोघांना वेगळं बसवलं.

नवरा म्हणाला, "होड्या बंद हायत, मासेमारीला बंदी. मंग हिला डाक्टरकडं नेली. गुडगा दुकतो हिचा."

बाईला शेजारच्या खोलीत महिला हवालदाराने विचारलं. ती म्हणाली, "यांचा मावसभाऊ वारला. भेटाया गेलतो." गजरा माळून दुखवट्याला? गुडघ्याचं विचारलं तर बाई म्हणे, "माजा गुडगा ठनठनीत हाय."

एकाच गाडीवरून आलेली नवरा-बायको, आणि एक दवाखान्यात गेलं, दुसरं सुतकात! आता संशय पक्का झाला. ओळख पटवण्यासाठी घरच्यांना बोलवावं लागतंच, म्हणून त्यांच्या गावच्या पोलीस पाटलाला फोन केला. मुलाला घेऊन निघतो, म्हणाला.

तेवढ्यात नवरा पाणी प्यायला उठला आणि मी ओरडलोच. माझ्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर त्याच्या पाठीएवढा तांबडा चिखल उमटला होता! त्याला तिथे बसवलं म्हणून हवालदाराला झापलं, त्याने फडकं आणलं. राग निवेपर्यंत मी त्या डागाकडे बघत राहिलो, आणि एक साधी गोष्ट लक्षात आली. मागच्या चाकाचा चिखल मागे बसलेल्याच्या पाठीवर उडतो. हा तर गाडी चालवत होता. मग याची पाठ मळली कशी?

शेजारच्या खोलीत जाऊन बाईला पाठ फिरवायला सांगितली. पाठ स्वच्छ. चिखल होता तो गुडघ्यांवर आणि कोपरावर.

मी समोर बसलो. "मावशी, पठारावर गाडी तुम्ही चालवत होता."

तिने मान खाली घातली. मला वाटलं रडेल. पण ती हसू दाबत होती. "दोनदाच पडले, साहेब. खरंच दोनदाच."

"मग खोटं कशाला बोललात? लायसन्स नाही म्हणून?"

हसू गेलं. तिने दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "यांचा डावा हात गेलाय. गेल्या मोसमात दोरात बोटं चेंगरली. जखम भरली, सगल्यांना सांगितलं बरं झालं. पन मूठ वलत नाय. क्लच दाबला का हात कापतो. पोराला कललं तर तो यांना होडीवर नेयाचा नाय. दर्यावरनं उतरवलेला मानूस किनाऱ्यावर बोंबलासारका सुकतो, साहेब. माज्या बापाचं बघितलंय मी."

"आणि गाडीचं काय?"

"रोज मला टोपलीसकट बोईसरच्या बाजारात हेच सोडतात. बंदी उठल्यावर सोडलं नाय, तर लोकं इचारतील का नाय सोडलं? मी गाडी शिकले तर सगली मला हसतील. म्हातारीला कसली हौस आली, बोलतील. हसू दे. यांच्या हाताकडं कोन बघनार?"

महिला हवालदार उगाच खिडकीबाहेर बघायला लागली. माझ्या उभ्या नोकरीत मला कोणाच्या खोटं बोलण्याचा एवढा अभिमान वाटला नव्हता.

"पोराला तेवडं सांगू नका," ती म्हणाली. "बाकी काय दंड आसंल तो लावा."

पण पोराला बोलावून मी बसलो होतोच. आणि तो आलाही, पाटलाच्या गाडीतून, भेदरलेला. मी फक्त फेऱ्यांच्या संशयावरून आणलं एवढंच सांगत होतो, तर त्याचं लक्ष बाकावरच्या बापाकडे. बापाने घाईघाईने डावा हात मांडीखाली घातला.

"काडा तो हात, बाबा," मुलगा हळूच म्हणाला. "मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"जखम भरल्यावर दोर दोनदा सुटला तुमच्या हातातनं. मी मागंच व्हतो. मंग सुकाणू तुमच्याकडं कोनी दिलं?"

"तूच दिलंस. बोललास, तुजे डोले वाऱ्यानं चुरचुरतात."

"माज्या डोल्यांना काय झालंय?"

म्हातारा त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्याने मांडीखालून हात काढला आणि उघडाच गुडघ्यावर ठेवला. पाटलांनी टोपी काढून पुन्हा घातली. माझेही डोळे भरून आले होते, सांगायला लाज कसली!

गुन्हा काही नव्हता. बाईला गाडी चालवताना आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं आणि भिंत साक्षीला उभी करता येत नाही. कच्चं लायसन्स काढा, तोवर गाडीला हात लावू नका, अशी तंबी दिली. तपासणीला आलेल्या साहेबांनी डागाबद्दल विचारलंच. मी खरं ते सांगितलं, ते हसले आणि शेऱ्यात काही लिहिलं नाही.

या प्रकरणाने मला चौकशीतली एक गोष्ट शिकवली. स्वतःच्या बचावासाठी खोटं बोलणारे आधी ठरवून येतात, त्यांचे जबाब जुळतात. हे दोघे एकमेकांना झाकत होते, तो तिचं गाडी शिकणं, ती त्याचा हात, तेही ठरवल्यावाचून, म्हणून त्यांचं काहीच जुळेना. त्यानंतर दोन जबाब जुळले नाहीत की मी आवाज चढवण्याआधी विचारायचो, हा माणूस कोणाला सांभाळतोय? पुष्कळदा उत्तर वाईटच निघालं. पण कधीकधी असंही निघालं.

ठाण्याच्या पायऱ्या उतरताना मुलगा आईला म्हणाला, "आये, आता तुला गाडी शिकायची गरज नाय."

ती थांबली, काष्टा घट्ट केला आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "इतके दिस गरज व्हती म्हनून शिकत व्हते. आता हौस म्हनून शिकनार. काय वो, बसाल ना मागं?"